भूपाळी, भोंगा आणि सकाळचा उजेड

मराठी काव्यप्रकारांत भूपाळीचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. अभंगाचा श्रोता जागा असतो, पोवाड्याचा श्रोता तर सरसावून बसलेला असतो; भूपाळी मात्र झोपलेल्याला उद्देशून गायिली जाते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी ती बोलते. होनाजी बाळाची कृष्णाला जागविणारी भूपाळी व्ही. शांताराम यांच्या १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटाने घराघरांत पोचविली, त्यामुळे हा प्रकार आजच्या विद्यार्थ्यालाही अगदीच अनोळखी नाही. या परंपरेतील रचना ओळीने वाचत गेलो की एक गोष्ट ध्यानात येते. भूपाळी झोपलेल्याला दोष देत नाही. ती उजाडल्याची वर्दी देते. उठण्याचे कारण म्हणून ती नीती सांगत नाही, पूर्वेकडे बोट दाखविते.

पुढच्या काळात आपण हे बोट विसरलो आणि ‘ऊठ’ एवढेच लक्षात ठेवले. उजेडाची जागा घड्याळाने घेतली आणि न उठणारा मुलगा ‘आळशी’ ठरला. हे स्थित्यंतर कसे झाले आणि आधुनिक वैद्यक त्याच विसरलेल्या उजेडाकडे कसे परतले, हा या लेखाचा विषय आहे.

पौगंडावस्थेतील काही मुलामुलींना रात्री दोन-तीन वाजेपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी काही केल्या जाग येत नाही. सुट्टीत त्यांना त्यांच्या वेळेने झोपू दिले तर मात्र ती गाढ आणि पुरेशी झोपतात. म्हणजे झोप बिघडलेली नसते, ती सरकलेली असते. या अवस्थेला वैद्यकाने स्वतंत्र नाव दिले आहे. आपण तिला ‘विलंबित निद्रा’ म्हणू. तिच्यावरील उपचारांत ठरावीक वेळी घेतलेला प्रखर उजेड हा एक प्रमुख उपचार आहे. मराठी शिकविणाऱ्यांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. सकाळी सातच्या तासाला मागच्या बाकांवर पेंगणारी मुले आम्हीही पाहतो आणि हजेरीपुस्तकात त्यांच्या नावापुढे काय लिहायचे हे आम्हांलाच ठरवावे लागते, एवढे कारण पुरेसे आहे. शिवाय ‘आळस’ हा शब्द आमच्याच प्रांतातला आहे.

प्रथम घड्याळाचा इतिहास पाहू. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि घटिका तेथून मोजल्या जातात. चोवीस मिनिटांची घटिका, दोन घटिकांचा मुहूर्त. ज्या ब्राह्ममुहूर्ताचे नाव घेऊन मुलांना उठविले जाते, तोही घड्याळातला आकडा नव्हे. तो सूर्योदयापूर्वीचा दुसरा मुहूर्त आहे आणि ऋतूप्रमाणे, गावाप्रमाणे सरकतो. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त या मुहूर्तावर उठण्यास सांगितले आहे ते निरोगी माणसाला, हेही सहसा कोणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि तारायंत्र आले तेव्हा गावोगावच्या सूर्याची ही निरनिराळी वेळ गैरसोयीची ठरली. मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये केला. लोकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. मुंबईचे घड्याळ त्यामुळे ३९ मिनिटे पुढे गेले. सूर्य होता तेथेच राहिला, माणसांना मात्र ३९ मिनिटे आधी उठावे लागले. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलच्या कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम नाकारले. मुंबई महापालिकेने तर आपली घड्याळे जुन्या ‘बाँबे टाइम’वरच ठेवली आणि हा हट्ट १९५५ पर्यंत चालविला. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग वसाहतवादविरोधाचे एक गमतीदार उदाहरण म्हणून येतो. आम्हांला त्यात शरीराची तक्रारही ऐकू येते. अंधारात उठून गिरणीची वाट धरणाऱ्या कामगाराला ३९ मिनिटे ही केवळ अस्मितेची बाब नव्हती.

याच सुमारास दुसरी घटना घडत होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे अशी एक मागणी होती. सूर्यास्त ही तोवर कामाची नैसर्गिक हद्द होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ही हद्द पुसली गेली. कामाचे तास इतके वाढले की १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालावी लागली. १९०५ आणि १९०६ ही दोन वर्षे अशी शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. एका हाताने सकाळ अलीकडे ओढली गेली, दुसऱ्या हाताने संध्याकाळ पलीकडे ढकलली गेली. मधली रात्र दोन्ही बाजूंनी कातरली गेली. आज विलंबित निद्रेचे जे कोडे वैद्याकडे येते त्याच्या दोन्ही कड्या येथे दिसतात: संध्याकाळी नको तेवढा उजेड आणि सकाळी हवा तेव्हा उजेड नाही.

मुंबईतून आता इंदापूर तालुक्याकडे येऊ. कारण गिरणीने शहरात जे केले ते साखर कारखान्याने शिवारात केले. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर, कळंब गावाच्या परिसरात, १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे याच नगरातून साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, अणुभट्ट्यांसाठी आणि इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी लागणारे भाग बाहेर पडले. गाळप हंगामात साखरेचा कारखाना थांबवता येत नाही. तोडलेला ऊस वाट पाहत नाही आणि रस तर मुळीच नाही. म्हणून तीन पाळ्या आल्या, आणि पाळ्यांबरोबर भोंगा आला. भोंगा हा भूपाळीचा औद्योगिक वारस म्हणता येईल. फरक इतकाच की भूपाळी पूर्वेकडे पाहून सुरू होते आणि भोंगा घड्याळाकडे पाहून. पाळीच्या घरात वडील तिसऱ्या पाळीहून सकाळी परततात तेव्हा खिडक्यांवर पडदे ओढले जातात आणि रात्री दिवे जळत राहतात. त्या घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाची सकाळ अंधारी आणि रात्र उजळ होते, यात कोणाचाच दोष नसतो.

कारखान्याबाहेरच्या शिवाराचीही गोष्ट वेगळी नाही. शेतीपंपांना आलटून पालटून दिवसा आणि रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे या पट्ट्यातील कित्येक घरांत रात्री उसाला पाणी द्यावे लागले आहे. घरातला हाताशी आलेला मुलगा बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी पिकासाठी आणि सर्पदंशाच्या भीतीपोटी केली जाते. ती विद्यार्थ्यांच्या झोपेचीही मागणी आहे. आता त्या बॅटरीच्या जोडीला मोबाइलचा पडदा आला आहे. मोबाइलवर सगळा दोष टाकणे सोपे असते. पण रात्र कातरण्याचे काम त्याच्या आधी शंभर वर्षे सुरू झाले होते, हे विसरता येत नाही.

भूगोलही येथे हात धुऊन घेतो. भारतीय प्रमाणवेळ पूर्वेकडच्या ८२.५ अंश रेखावृत्ताची. वालचंदनगर पावणेपंच्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने येथील सूर्य घड्याळापेक्षा सुमारे अर्धा तास मागे चालतो. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. सातच्या तासासाठी आसपासच्या गावांतून निघणारी मुलगी सहाला घर सोडते ती अंधारात, एस.टी.त बसते ती अंधारात, आणि उजाडते तेव्हा ती वर्गात ट्यूबलाइटखाली असते. मावळतीचा परिणामही अभ्यासला गेला आहे. भारतातील मुलांच्या झोपेचा विचार करताना अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी दाखविले की जेथे सूर्य घड्याळाने उशिरा मावळतो तेथे मुले उशिरा झोपतात, शाळा मात्र त्यांच्यासाठी उशिरा भरत नाही. झोप तेवढी कमी होते, शिक्षणाचे नुकसान होते आणि गरीब घरांत ते अधिक होते.

येथवर इतिहास झाला. उजेड शरीरात नेमके काय करतो, हे समजायला मात्र विज्ञानाला बराच वेळ लागला. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की लाजाळूसारखी वनस्पती अंधाऱ्या खोलीत ठेवली तरी तिची पाने दिवसाच्या वेळी उघडतात आणि रात्रीच्या वेळी मिटतात. घड्याळ आतच आहे, याची ती पहिली खूण. १९०३ चे नोबेल पारितोषिक नील्स फिन्सेन यांना प्रकाशोपचारासाठी मिळाले. पण तो त्वचेच्या क्षयावरचा उपचार होता, झोपेशी त्याचा संबंध नव्हता. झोपेचा धागा १९८० मध्ये हाती आला. आल्फ्रेड लुई आणि सहकाऱ्यांनी दाखविले की रात्री स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक प्रखर उजेडाने माणसातही दबते. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये इलियट वाइट्झमन, चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी विलंबित निद्रेचे वर्णन स्वतंत्र विकार म्हणून केले. त्यांचा पहिला उपचार उफराटा होता: झोप अलीकडे येत नाही ना, मग ती रोज तीन तास पुढे ढकला, फिरत फिरत ती योग्य वेळेवर येईल. हे सयुक्तिक होते, पण शाळेत जाणाऱ्या मुलाने आठवडाभर कधी दुपारी तर कधी संध्याकाळी झोपायचे, हे कोणत्या घराला जमणार? १९९० मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी सकाळी दोन तास २,५०० लक्सचा उजेड आणि संध्याकाळी उजेड टाळणे, असा उपचार करून पाहिला आणि रुग्णांची झोप अलीकडे आली. डोळ्यांच्या पडद्यातील काही पेशी पाहण्यासाठी नसून दिवसरात्र ओळखण्यासाठी आहेत, हे डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये दाखविले, तेव्हा या उपचाराचा शरीरातला मार्गही उलगडला.

मुलांच्या बाबतीत दोन अभ्यास विशेष बोलके आहेत. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल ग्रॅडिसार आणि सहकाऱ्यांनी विलंबित निद्रेच्या ४९ किशोरवयीनांवर सकाळचा प्रखर उजेड आणि समुपदेशन असा जोडउपचार तपासला. उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत उपचार घेतलेल्यांची झोप स्पष्टपणे सुधारली. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एक नवल केले. मुले झोपेत असतानाच पहाटे त्यांच्या मिटलेल्या पापण्यांवर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. नुसत्या झोतांनी फारसे काही साधले नाही. त्याच्या जोडीला मुलांशी बोलणे, त्यांना लवकर झोपावेसे वाटेल असे कारण त्यांच्याकडूनच काढून घेणे, हे केले तेव्हा रात्रीची झोप सरासरी ४३ मिनिटांनी वाढली. उजेड आणि शब्द, दोन्ही लागले. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे भूपाळी आठवल्याशिवाय राहणार नाही.

परंतु येथेच सावध व्हायला हवे. ‘आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह आम्हांला टाळायचा आहे, कारण ते खरे नाही आणि ते मानले तर मुलांचे नुकसान होण्याचा संभव आहे. उजेड हे औषध असेल तर त्याची वेळ महत्त्वाची असते. शरीराचे तापमान रात्री नीचांकाला जाते, साधारणपणे स्वाभाविक जागेच्या दोन-तीन तास आधी. त्या क्षणानंतर मिळालेला उजेड झोप अलीकडे आणतो. त्याआधी मिळालेला उजेड तिला आणखी पुढे ढकलतो. ज्या मुलाची झोप पहाटे तीन ते सकाळी अकरा अशी सरकली आहे, त्याला साडेचारला उठवून भगभगीत दिव्याखाली बसविले तर त्याचे शरीर तो उजेड संध्याकाळचाच समजते. म्हणून जाणते वैद्य आरंभी मुलाच्या स्वाभाविक जागेच्या वेळी उजेड देतात आणि ती वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणतात. जुन्या घरातले ब्राह्ममुहूर्तावर उठणे निराळे होते. तेथे पणतीचा मिणमिणता प्रकाश असे, जात्यावरची ओवी अंधारातच गायिली जाई, आणि खरा उजेड सूर्यच घेऊन येई. आदल्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर काळोखच असे, हे तर सर्वांत महत्त्वाचे. संध्याकाळ विजेची ठेवून पहाट तेवढी परंपरेची करता येत नाही.

परंपरेचा प्रामाणिक हिशेब मांडायचा तर औंध संस्थानाचे उदाहरण घ्यावे. भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले आणि १९३८ मध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तकही निघाले. त्यांचा हेतू शरीर बळकट करण्याचा होता. झोपेचा उपचार म्हणून त्यांनी ते सुरू केले नव्हते. पण नमस्कार ज्याला घालायचा तो सूर्य समोर असावा, ही कल्पना त्यात आहे. इंदापूर तालुक्यातून जाणारी तुकोबांची पालखी अंथुर्णे, निमगाव केतकीच्या वाटेने चालते, तेव्हा वारकऱ्याचा दिवसही उघड्यावरच्या उजेडात सुरू होतो. अमेरिकेत केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये काही प्रौढांना आठवडाभर विजेच्या दिव्यांवाचून रानात राहायला नेले, तेव्हा त्यांची शरीरे सूर्यास्ताच्या आणि सूर्योदयाच्या तालावर आली. मेलाटोनिन सुमारे दोन तास आधी स्रवू लागले. वारीने भक्ती शिकविली, झोपेचे शास्त्र नव्हे. पण शरीराला मिळणारा उजेड दोन्हीकडे एकच.

आता ‘आळस’ या शब्दाकडे येऊ. लवकर निजण्या-उठण्याने आरोग्य, संपत्ती आणि ज्ञान मिळते असे सांगणारी जी म्हण आपण अस्सल मराठी समजून घोकली, ती बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ मध्ये छापलेल्या इंग्रजी म्हणीचे भाषांतर आहे. तिच्यात सूर्य नाही. तिच्यात घड्याळ आहे आणि कमाई आहे. भूपाळीपासून या म्हणीपर्यंत येताना आपण काय गमावले ते येथे दिसते. दुसरीकडे, वयात येताना झोपेची वेळ पुढे सरकते हे मेरी कार्स्काडन यांच्या संशोधनाने १९९० च्या दशकात पुढे आणले. टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये दाखविले की ही सरकण साधारण विसाव्या वर्षापर्यंत वाढत जाते आणि मग उलटी फिरते. म्हणजे वेळापत्रक आखणारे आम्ही चाळिशीतले, ज्यांना सकाळी आपोआप जाग येते. आणि ते पाळणारे सतरा-अठराचे, ज्यांची रात्र अजून संपलेली नसते. जो सद्गुण आम्ही त्यांच्याकडे मागतो तो आमच्यात वयाने आलेला असतो.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाचा फेब्रुवारी २०२४ चा आदेश वाचावा. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडल्यानंतर पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले. हेतू स्तुत्य आहे. पण झोप पुढे सरकते ती चौथीनंतर काही वर्षांनी. ज्या इमारतीत दोन सत्रे भरतात तेथे लहानांना दुपारकडे नेले की सकाळचे सत्र मोठ्यांच्याच वाट्याला येते, हा साधा हिशेब आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये केलेली शिफारस नेमकी उलट्या टोकाची होती: किशोरवयीनांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला आणि २०२२ पासून तो तेथील माध्यमिक शाळांना लागू झाला.

आमच्यासारख्यांच्या हाती काय आहे? १०,००० लक्सचा दिवा प्रत्येक घरात येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. वर्गातील दिवे काहीशे लक्स देतात. ढगाळ सकाळीही अंगणात काही हजार लक्स असतात आणि उन्हात त्याहून कितीतरी अधिक. आपल्याकडे महागडे औषध फुकट पडून आहे. थंडीच्या महिन्यांत सातचा तास आठला घेता आला, तर मुले उजेडातून चालत येतील. तास हलविता येत नसेल तर पहिला तास ओट्यावर, झाडाखाली घेता येईल. कविता तेथे अधिक कळते असा आमचा अनुभव आहे. ज्यांची झोप फारच सरकली आहे त्यांना वैद्याकडे पाठवावे. नेत्रविकार किंवा काही मानसिक विकार असतील तर प्रखर उजेड सल्ल्यावाचून घेऊ नये, हेही सांगावे.

आणि शेरा लिहिताना हात थोडा आवरावा. वर्गात पेंगणाऱ्या मुलाच्या मागे एक कातरलेली रात्र असते. ती कातरण्यात प्रमाणवेळेचा, पाळीचा, पंपाच्या विजेचा आणि आपल्या वेळापत्रकाचा वाटा असतो. त्या मुलाच्या वाट्याला शेवटी एकच शब्द येतो. भूपाळी रचणाऱ्यांनी तो शब्द वापरला नव्हता. झोपलेल्याला त्यांनी उजेड कोठे आहे ते सांगितले आणि उठणे त्याच्यावर सोपविले.